सवाबाचं कपाट

नांदेडच्या त्या दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या दाराशी एक लोखंडी कपाट होतं. पेशंट दगावला की उरलेलं औषध नातेवाईक घरी नेत नसत. गेलेल्या माणसाचं औषध घरात कशाला, म्हणून ते या कपाटात ठेवून हात जोडून निघून जात. तिथल्या जुन्या सिस्टर हुसेनबी त्याला सवाबाचं, म्हणजे पुण्याचं, कपाट म्हणायच्या. रक्तातल्या बुरशीवरच्या औषधाच्या बाटल्या त्यात कायम असत. फुकटचं आहे, गरिबाला लावलं तर बिघडलं कुठं, म्हणून कुणीही गंभीर पेशंट आला की बाटली टांगली जाई. लागो न लागो. आणि फुकटच्या पुण्याला नको म्हणायला डॉक्टर लोक तरी कुठं तयार असतात?

प्रयोगशाळेतल्या डॉक्टर कहकशां सांगून सांगून थकल्या होत्या. गरज नसताना हे औषध दिलं की साधी बुरशी मरते, आणि जिला ते लागू पडत नाही तीच वॉर्डात मुक्काम ठोकते.

"आपा, ते कपाट बंद करा."

"कुणी सवाब करून राहिलं तर मी कशी अडवू, मॅडम?" हुसेनबी म्हणायच्या. पालथ्या घड्यावर पाणी तरी किती ओतायचं? कहकशांनी हल्ली बोलणंच कमी केलं होतं.

नायगावच्या सिंधूच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि लगेच तिलाही गरज नसताना कपाटातली बाटली लावली गेली. पुढं ताप चढला तो उतरेना. कहकशांनी रक्त तपासलं, तर त्यात तीच हट्टी बुरशी. आता दुसरं एकच औषध चालणार होतं, आणि ते नांदेडात मिळेना. सिंधूचा नवरा शेषेराव लातूरला जाऊन थर्मासात बर्फ घालून ते घेऊन आला. तोवर उशीर झाला होता. सिंधू गेली. 

अँब्युलन्सची वाट बघता बघता शेषेराव थर्मास घेऊन कपाटापाशी आला. कहकशां पुढं झाल्या.

"हे कपाटात नको, दादा."

"का वो मॅडम? सिंधूच्या नावानं ठिवून राहिलो. कुनाच्या तरी कामी यील."

काहीतरी थाप मारून सुटता आलं असतं. पण उद्या हेही सरसकट टांगलं जाणार, मग पुढच्या पेशंटला लागू पडेल असं काहीच उरणार नाही. कहकशांनी खरं ते सांगितलं. एकच औषध सारखं फवारलं की अळी मरेनाशी होते, तसं इथं झालंय.

शेषेरावानं कपाटाकडं बोट केलं.

"मंजी लोकांच्या पुण्यानं गेली म्हना माझी सिंधू."

 

त्यानं थर्मास कहकशांच्या हातात दिला. "कुलपात ठिवा. ज्याला खरंच लागंल, त्यालाच द्या."

नव्या पेशंटसाठी बाटली काढायला आलेल्या हुसेनबी मागंच उभ्या होत्या. शेषेराव गेल्यावर त्यांनी कपाट बंद केलं आणि किल्ली कहकशांच्या हातावर ठेवली.

"सिंधूला पहिली बाटली मीच लावली होती," एवढंच त्या बोलल्या.