थोरलीने कोणाचं पाहिलं?

परीक्षा मंडळाच्या साहेबांनो, अख्ख्या वर्गाला कॉपी तुम्ही करवलीत आणि निकाल अडवलात शिंप्याच्या थोरलीचा!

थोरलीला जन्मापासून दिसत नाही. वाचून दाखवणारा संगणक परीक्षेत वापरायला तुम्हीच परवानगी दिलीत आणि इयरफोनवर मात्र बंदी घातलीत. का, तर कानात कोणी उत्तरं सांगेल! वेगळी खोली मागितली, तर तिथे तुमच्या मोडक्या खुर्च्या.

मग काय, इतिहासाच्या पेपरला थोरली टाइप करी ते संगणक भर वर्गात खड्या आवाजात बोलून दाखवी. सगळ्यांच्या माना खाली. एवढं मन लावून ती पोरं जन्मात कधी लिहीत नव्हती.

"ताई, जरा दमानं घे," मागून कोणी कुजबुजलं. "हात भरून आला."

"आणि ते मघाचं साल परत वाजव ना!"

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. तिने पर्यवेक्षकांना हाक मारली. "सर, आवाज बंद करू का?"

"कर की."

"मग मला प्रश्न कसा कळणार?"

"मग राहू दे," म्हणून सर पुन्हा पेंगायला लागले.

वर्ग झाडून पास झाला. थोरलीचा निकाल तेवढा राखून ठेवला, कारण उत्तरं इतरांशी जुळतात. उद्या कॉलेजच्या प्रवेशाची मुदत संपतेय आणि आज सुनावणीत तुम्ही तिला दरडावून विचारलंत, "कोणाचं पाहून लिहिलंस?"

थोरलीला आधी हसूच फुटलं. मग ती टेबलाला धरून उभी राहिली.

"साहेब, मी कोणाचं पाहिलं, ते तुम्हीच सांगा. ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही."