पहाटेचं पाणी

नळाखाली हात धरला आणि चटका बसला. अजून उजाडलंही नव्हतं, तरी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पोळत होतं.

“खाला, उरका ना,” दाराबाहेरून भाचा जव्वाद म्हणाला. “ऊन चढायच्या आत आईला न्यायचंय.”

“पाणी कढत आहे रे.”

“आता तिला काय पोळणार?”

“जिभेला काही हाड? घाल तुझा हात!” मी बादली दाराबाहेर ढकलली. त्याने बोटं बुडवली, झटकली. बादली हळूच आत सरकवली.

एकतीस वर्षं मी बसऱ्यातल्या बायकांना शेवटची अंघोळ घालते आहे. पूर्वी दिवस भाजून काढायचे, पण रात्र आपली असायची. टाकी निवायची, पहाटेच्या पाण्याने मीच कुडकुडायचे. आम्ही गच्चीवर खाटा टाकायचो. मी आणि माझी धाकटी बहीण खैरिया, ह्या जव्वादची आई, एका चादरीसाठी भांडायचो. आता रात्रही निवत नाही. हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

तरी काल संध्याकाळी तिचा फोन आला. “वीज गेलीय गं, खोलीची भट्टी झालीय. जव्वादकडे जाऊ का? त्याच्याकडे जनरेटर आहे.”

“कशाला पोराला त्रास? गच्चीवर झोप. आपली आई काय येडी होती, आपल्याला वर झोपवायला?” मीच म्हणाले.

मध्यरात्री जव्वाद बघायला गेला, तेव्हा गच्चीवरच्या खाटेवर तिचा जीव गेलेला होता.

“बर्फ आण,” मी म्हणाले.

“तो येणाऱ्या माणसांसाठी ठेवलाय, खाला.”

“मग ही कोण होती?”

त्याने लादी आणून दिली, ती मी पाण्यात सोडली. आधी बोरीच्या पाल्याचं पाणी, मग कापराचं, मग साधं. प्रत्येक वेळी मी कोपर बुडवून बघितलं, तान्ह्या बाळासाठी बघतात तसं.

“जव्वाद, तिला गच्चीवर मी पाठवलं रे,” मी दाराआडून सांगितलं. हुंदका आवरेना.

तो म्हणाला, “मला फोन केला होता तिने. खूश होती. म्हणाली, पहाटे गारठा पडेल, चादर घेतलीय.”

ती चादर तिच्याबरोबरच खाली आली होती, उशाशी होती तशीच, घडी घातलेली. मी ती उलगडली आणि कफनाआधी खैरियाचं गार, ओलं अंग त्याच चादरीने टिपलं.