केबिन रोडवरचे बाबा

त्या रविवारी सकाळी बेल वाजली तेव्हा आत्माराम पेडणेकर बनियनवरच, हातात चहाची गाळणी घेऊन दार उघडायला गेले. दारात ईश्वरकाका उभे होते. हातात झेंडूचा हार, डोळ्यांत पाणी. आत्मारामांना बघताच त्यांनी अशी किंकाळी फोडली की समोरच्या मिनलबेनचं दारही उघडलं.

"आत्म्या! तू आहेस?"

"मग कोण असणार? आणि हार कशाला? माझं लग्नबिग्न ठरवलंयस की काय?"

"अरे गाढवा, तुला खाली केबिन रोडला टांगलंय! काळपट फोटो, गोल चौकट, भोवती पानं, तू हात जोडून उभा, खाली नावं. माणसानं समजायचं काय?"

आत्माराम इतके हसले की गाळणी खाली पडली. आतून धावत आलेल्या मृणालिनीला, त्यांच्या मुलीला, दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून हसताहेत की रडताहेत हेच आधी कळेना.

ईश्वरकाका आणि बाबा टेलिफोन खात्यात एका बाकावर बसून निवृत्त झालेले. काका आता मुलाकडे नाशिकला राहत. पुतणीच्या लग्नाची खरेदी करायला भाईंदरला आले, आणि साड्यांच्या दुकानासमोरच्या खांबावर त्यांना आपला मित्र दिसला. तिथून ते फुलवाल्याकडे गेले आणि मग थेट इंद्रलोकला, पेडणेकरांच्या घरी.

फोटोची गोष्ट अशी होती. महानगरपालिका आणि एक खासगी कंपनी, दोघांनी मिळून शहरात हवामानबदलाविरुद्ध मोहीम काढली होती. आपापल्या इमारतीत काहीतरी करून दाखवलेल्या माणसांचे फोटो चौकाचौकात लावायचे, म्हणजे लोकांना वाटेल की हे आपल्यालाही जमेल. बाबांनी सोसायटीशी भांडून भांडून सगळ्या इमारतीचा ओला कचरा गच्चीतल्या खतात जिरवला होता. म्हणून कंपनीकडून पायल नावाची मुलगी फोटो काढायला आली. मागे पानांची चौकट आणि खाली एकच ओळ, "आमच्या इमारतीचा ओला कचरा डम्पिंगवर जात नाही. तुमच्या?" सगळं ठरलं होतं. फक्त ते फ्लेक्सवर छापणार आहेत हे कळल्यावर बाबा बिथरले.

"ऊन वाढतंय हे प्लॅस्टिकवर छापून सांगणार? तुम्हाला नसेल लाज, मला आहे. कापडावर छापा."

पायलने वरच्यांशी वाद घातला आणि कापड मंजूर करून आणलं. पण कापडावर रंग चढले नाहीत. बाबांचा गुलाबी शर्ट राखाडी झाला, चेहरा काळापांढरा झाला आणि पानं हारासारखी दिसू लागली. खाली पालिकेचं आणि कंपनीचं नाव आलं ते शोकाकुल मंडळींसारखं. भाईंदरमध्ये खांबावर माणूस चढतो तो वाढदिवसाला नाहीतर मेल्यावर, आणि वाढदिवसाची माणसं भडक रंगात असतात. त्यामुळे लोकांचंही चुकलं असं म्हणता येत नव्हतं.

तो सगळा दिवस फोन वाजत राहिला. "नाही हो, बाबा अगदी बरे आहेत," हे वाक्य मृणालिनी इतक्यांदा बोलली की शेवटी बाबांनी रिसीव्हर काढून घेतला. गळ्यात काकांचा हार तसाच होता.

"बोला! वरूनच बोलतोय. हो, इथे आवाज छान येतो. आपल्या खात्यापेक्षा चांगला."

"बाबा, पुरे."

"अगं, खांब सरकारचा, कापड कंपनीचं, तोंड माझं. एवढीसुद्धा मजा करू नको?"

जेवून निघताना काकांना ते म्हणाले, "मोहीम संपली की ही कापडं उतरवून पिशव्या शिवणार आहेत. जेसल पार्कला खाडीवर कार्यक्रम आहे. ये नक्की. माझं नाक कोणाच्या पिशवीवर येतं ते बघू." हार काढून त्यांनी खिडकीच्या गजाला अडकवला.

सोमवारी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं, त्यांना काही कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले.

फोन मिनलबेनने केले. मृणालिनी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती, मृत्यूवर तिने पुष्कळ वाचलं होतं. पण फोनवर म्हणायचे ते दोन शब्द तिच्याच्याने म्हणवेनात.

"कोण मानतच नाय, मृणाल," मिनलबेन रडकुंडीला येऊन सांगत होती. "बोलतात, कालच तर तुम्ही बोलले बरे आहेत. एक भाऊ तर माझ्यावरच ओरडला."

ईश्वरकाकांनाही तिने फोन लावला. ते नाशिकच्या गाडीत होते. ते मोठ्याने हसले. "मिनलबेन, एकदा फसलो, दुसऱ्यांदा नाही. त्याला सांगा, माझा हार परत पाठव!" आणि फोन कट झाला. नंतर लागलाच नाही.

स्मशानात मोजकीच माणसं होती. बाकीची दुसऱ्या दिवशी खाली मान घालून येऊन गेली. काका आले नाहीत, कारण त्यांना माहीतच नव्हतं. संध्याकाळी पुन्हा फोन करता आला असता. मृणालिनीने केला नाही.

पायल भेटायला आली, बराच वेळ बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, केबिन रोडचं कापड उतरवून घेऊ का?"

"असू दे," मृणालिनी म्हणाली.

रोज कामावर जाताना ती त्या खांबाखालून जायची. वर बघायची नाही. पाय मात्र आपोआप हळू पडायचे.

मग एका रविवारी लँडलाइन वाजली. "आहे का आमचा कैलासवासी?"

तिच्या तोंडून निघून गेलं, "फिरायला गेलेत, काका."

पुढच्या वेळी ते झोपले होते. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा फिरायला गेले होते. "एवढा कुठे फिरतो हा?" काका चिडायचे. "मोबाइल उचलत नाही. येतोच आहे कार्यक्रमाला, तेव्हा कान उपटतो त्याचा."

काकांच्या हृदयात स्टेंट होता. ऐकून त्यांना काही झालं तर? ही भीती खरी होती, पण एकटी नव्हती. तिच्याखाली दुसरी होती आणि ती मृणालिनीने मिनलबेनलाही सांगितली नव्हती. काकांना एकदा सांगितलं की ज्याच्यासाठी बाबा नुसते फिरायला गेलेत असा माणूस जगात उरणार नव्हता.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. "आत्म्याच्या फोटोखालीच भेटू," असं काकांनी कळवलं होतं. मृणालिनी पोचली तेव्हा ते आधीच तिथे उभे होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात मिठाईचा पुडा. शिडीवर चढलेला पालिकेचा माणूस कापडाच्या गाठी सोडत होता.

"हळू उतरव रे," काका त्याला सांगत होते, "हाडं जुनी आहेत त्याची! मृणाल, आलीस? तो कुठाय? पुढे गेला असेल मिरवायला."

एक गाठ सुटली आणि कापड लोंबकळलं. "मॅडम, जरा पकडा ना," शिडीवरचा म्हणाला. तिने एक टोक धरलं. पुडा बगलेत मारून काकांनी दुसरं धरलं. उन्हाने रंग आणखी उडाले होते, बाबांचं नाक, मिशी आणि जोडलेले हात तेवढे उरले होते. रिक्षांच्या गर्दीत त्या दोघांनी साडीची घडी घालतात तशी त्याची घडी घातली. टोकाला टोक लावायला काका दोन पावलं पुढे आले, मग ती पुढे झाली. कापड अर्धं झालं, पाव झालं. शेवटच्या घडीला त्यांची बोटं एकमेकांना लागली, आणि आता मध्ये कापड उरलं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "बाबा गेले."

"कुठे?" काकांनी सवयीने विचारलं आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.

ते साडीच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदाराने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. मृणालिनी त्यांच्या शेजारी बसली. त्यांच्या छातीकडे तिचं लक्ष होतं. छाती नीट वरखाली होत होती.

"केव्हा?"

"तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. झोपेत."

"म्हणजे मिनलबेनचा फोन..." त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि मी हसलो. हार परत पाठव म्हणालो."

"तो बाबांनाच घातला, काका. सगळ्यांत आधी तुमचाच हार."

काकांनी मान खाली घातली. बराच वेळ ते मांडीवरच्या घडीवरून हात फिरवत राहिले. तिला वाटलं, आता रागावतील. रागावू देत.

"सगळं ठीक आहे," शेवटी नाक पुसत ते म्हणाले, "पण फिरायला? आत्म्या? साधा जिना उतरायचा कंटाळा त्याला. मला पहिल्याच फोनला संशय यायला हवा होता."

मृणालिनीला हसू फुटलं. किती दिवसांनी आलं होतं ते, आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. काकांनी मिठाईचा पुडा उघडून तिच्यापुढे धरला आणि तिने एक पेढा घेतला.

"चल," काका उठत म्हणाले. "नाक कोणाच्या पिशवीवर येतं ते बघायचंय ना?"

शिडीवरचा माणूस खाली उतरला होता. घडी हातात घेत त्याने विचारलं, "मॅडम, हे फोटोवाले काका येणार ना आज कार्यक्रमाला? रोज इकडून जाताना बघायचो त्यांना."

"नाही," मृणालिनी म्हणाली. आवाज सरळ आणि मोकळा निघाला. "ते माझे बाबा. ते गेले."