झांबूर बेटाचा नकाशा

रिहे गावात कुणालाही विचारलं असतं, बाबा रे, मुंबई किती लांब, तर चार जणांनी चार उत्तरं दिली असती. पण झांबूर बेट किती लांब, याला उत्तर एकच होतं. बोटीनं अकरा दिवस. कारण ते हैबतरावानं सांगितलेलं होतं, आणि झांबूरला जाऊन आलेला माणूस अख्ख्या मुळशीत तो एकटाच.

लढाईच्या वेळी फौजेबरोबर बसऱ्याला जाताना त्याची बोट म्हणे बिघडली आणि त्या बेटाला लागली. तिथं गडी महिनाभर राहिला आणि परत आल्यापासून तेरा वर्षं झाली, तोंडाला विसावा नाही. झांबूरला चारी अंगांनी डोंगर, मधे तव्यासारखं सपाट टेप, त्यावर गाव. पाऊस असला बेफाम की घरांची छपरं पार जमिनीला टेकलेली. राजा आहे, पण त्याला कुत्रं विचारत नाही. खरा कारभार एका बाईचा. ती आपल्या दारातल्या फणसाखाली बसून भांडणं तोडते, आणि गरे चोरले म्हणून तिनं एकदा खुद्द राजाला पळीनं बडवलं होतं.

हे सगळं लोक हसत ऐकत. झांबूरची एक रीत मात्र रिह्यानं उचलली, ती कधी उचलली ते गावालाही कळलं नाही. झांबूरचे लोक भातच लावतात. आवणीच्या पहिल्या दिवशी रोपांची पहिली मूठ आपल्या खाचरात लावायची नाही. ज्याच्याशी वर्षभर बोलणं तुटलंय, त्याच्या खाचरात नेऊन लावायची. त्यानं ती उपटायची नाही आणि नेणाऱ्याला गूळपाणी दिल्याशिवाय सोडायचं नाही. आता गूळ खाताना माणूस किती वेळ गप्प बसेल? अशी रिह्यातली तीन-चार भांडणं मिटली होती.

सगळ्यांत जास्त खोड्या काढायचा तो गेणबा. झांबूरचे मासे मराठी बोलतात का, राजाला गूळ उधार मिळतो का, असलं काहीतरी रोज विचारायचा. यंदा त्याचंच चुलतभावाशी, कोंडाजीशी, बांधावरून वाजलं होतं. मूठ न्यायची पाळी त्याची होती आणि नेमकी तीच त्याच्या जिवावर आली होती. तेवढ्यात शाळेला जगाचा नवा नकाशा आला. भिंतभर, रंगीत. गेणबाला घबाड मिळालं. त्यानं पारावर जाहीर केलं की शनिवारी शाळेत झांबूर दिसलं तर मूठ नेईन, नाही दिसलं तर नाही. लबाडाच्या देशाची रीत आपण का पाळायची?

हैबतरावाला जेवण जाईना. झांबूर कुठून आलं ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं, आणि ते सांगायची छाती नव्हती. लोक हसतील त्याचं काही नाही, तेरा वर्षं हसतच होते. पण रीत जाईल, हे त्याला सोसवेना. बायको सगुणाबाई म्हणाली, आजारी पडा. त्यानं तेही करून पाहिलं, पण शनिवारी सकाळी गेणबाच न्यायला आला.

शाळेत ही गर्दी. बाया ओसरीवर, गडी आत. वाल्मीक गुरुजी पोरसवदा, भिडस्त माणूस. त्यांनी छडी घेऊन बसऱ्यापासून मुंबईपर्यंत सगळा समुद्र विंचरला. हैबतरावाची मान छडीबरोबर फिरत होती, जणू खरंच कुठंतरी सापडेल. शेवटी गुरुजींनी छडी खाली ठेवली आणि हळूच म्हणाले की या नकाशात तरी दिसत नाही.

"झालं," गेणबा म्हणाला. "मूठ न्हाई नि काय न्हाई."

कुणी मोठ्यानं हसलं नाही, आणि तेच हैबतरावाला जास्त लागलं. तो उठायला लागला तोच ओसरीवरून एक म्हातारी काठी टेकत आत आली. ही गेणबाची सासू धोंडाबाई. लेकीकडं राहायला म्हणून ताम्हिणीहून पहिल्यांदाच रिह्यात आली होती, आणि झांबूरच्या गोष्टी लेकीच्या तोंडून ऐकून होती. गेणबाच्या लग्नात हैबतराव फौजेत, त्यामुळं दोघांनी एकमेकांना पाहिलेलंच नव्हतं. ती थेट हैबतरावासमोर उभी राहिली आणि डोळे बारीक करून बघत राहिली.

"पळी नव्हती ती," ती म्हणाली. "उलथनं व्हतं. आन् राजा कुटला? करंजटेपच्या कोंडिबाचा हैबती व्हता त्यो."

हैबतराव तिच्या पायाशी खाली बसला. करंजटेप धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. माणसं वाट फुटेल तिकडं गेली, कोंडिबाचं एकच घर रिह्यात आलं. 'आमच्या गावाला' म्हणून त्यानं तोंड उघडलं की लोक म्हणायचे, बुडलेल्या गावाचं काय सांगतोस लेका. फौजेतून आल्यावर त्यानं तेच गाव बोटीनं अकरा दिवस लांब नेलं, तेव्हा कुठं लोक ऐकायला लागले.

गुरुजींनी कपाटातून तालुक्याचा नकाशा काढला. त्यात धरणाच्या जागी नुसता निळा रंग होता. करंजटेप कुठं होतं, म्हणून त्यांनी विचारलं. धोंडाबाईला अक्षर येत नव्हतं, पण निळ्याच्या मधोमध तिनं बोट ठेवलं, आणि सगळ्या गावानं वाकून पाहिलं. झांबूर सापडलं होतं.

गेणबा भिंतीकडं बघत उभा होता. धोंडाबाईनं काठीनंच त्याला कोंडाजीच्या खाचराची दिशा दाखवली. मूठ आमच्या गावची आहे, नेशील का माझ्याबरोबर येऊ, एवढंच ती म्हणाली. सासूच्या देशाची रीत मोडायची गेणबाची काय बिशाद. नेतो म्हणाला.

मग म्हातारी हैबतरावाशेजारी जमिनीवर टेकली. तिनं खालच्या आवाजात विचारलं, "हैबती, माज्या दारातला फणस हाय का रं अजून तितं?"

हैबतरावानं डोळे पुसले.

"हाय की, आत्या. यंदा लई लागलाय."

आणि या खेपेला गेणबानं काहीच विचारलं नाही.