सुरुंगाआधी वाजणारा भोंगा

मित्रांनो, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूला एक दगडखाण आहे. तिथल्या ऑफिसबाहेर टांगलेला जुना भोंगा म्हणजे मी. मला वीज लागत नाही. बाजूचं हँडल जोरात फिरवलं की माझ्या पोटातली चकती गरगरते आणि मी असा ओरडतो, की लांबच्या शिवारातले बैलही माना वर करतात.

माझा जन्म सांगलीतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. पहिली नोकरी माधवनगरच्या कापड गिरणीत. वीज जाऊन तिथला विजेचा भोंगा बंद पडला की पाळी बदलल्याची हाक मी द्यायचो. माझ्या आवाजावर घरोघरी भात चुलीवर चढायचा. पुढे गिरणी बंद पडली आणि मी भंगारात गेलो. तिथून खाणमालक नानासोंनी मला आणलं. कायदाच तसा आहे. सुरुंग उडवण्याआधी इशारा द्यायचा, सगळ्यांना लांब आडोशाला न्यायचं, आणि मगच सुरुंग उडवायचा.

काही वर्षं मी इमानाने वाजलो. मग रस्त्याच्या कामांना खडी जास्त लागू लागली आणि नानासोंना घाई झाली. भोंग्यासाठी काम थांबवणं त्यांना परवडेना. कुणीतरी हात वर करून ओरडायचं, तेवढ्यावर भागायला लागलं. माझं हँडल गंजून बसलं. तपासणीच्या आधी मात्र मला लाल रंग मिळायचा.

खाणीत धुळा ड्रिल मशीन चालवायचा आणि त्याची बायको बयाबाई खडी फोडायची. गेल्या वर्षी सम्मेद नावाचा नवा फोरमन आला. चहाच्या सुट्टीत तो कामगारांना त्यांचे हक्क समजावून सांगायचा. प्यायचं पाणी, डोक्यावर हेल्मेट, छातीची तपासणी, भरपगारी रजा, सगळं मालकानं द्यायचं असतं. बयाबाई हातातली हातोडी खाली ठेवून ऐकायची आणि मध्येच विचारायची, "आणि न्हाई दिलं तर?" भोंगा दुरुस्त करू, असं सम्मेद नानासोंना पुन्हा पुन्हा सांगत होता. "एवढी ऑर्डर जाऊ दे रं, मग बघू," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

एके दुपारी सम्मेद साताऱ्याला गेला होता. नानासोंनी त्याची वाट न बघता सुरुंग उडवायला सांगितला. एक जण ओरडला, पण दगड भरडणाऱ्या क्रशरच्या खडखडाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. धुळा ड्रिलचा राहिलेला पाइप आणायला मागे फिरला होता. मी भिंतीवरून बघत होतो. मला ओरडायचं होतं, मित्रांनो, पण मला फिरवणारं कुणी नव्हतं.

धूळ खाली बसली तेव्हा धुळा दगडांत पडलेला दिसला. त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं. प्रथमोपचाराची पेटी ऑफिसात होती, पण तिला कुलूप होतं. बयाबाईनं पदर फाडून जखम बांधली.

नानासो घाबरले होते. "दवाखान्यात गाडीवरनं पडला म्हणून सांगा. औषधपाण्याचं समदं मी बघतो, बया."

"आवं नानासो, ह्यांनी जन्मात गाडी चालवली न्हाई. खोटं कसं सांगू?"

"खाण बंद पडंल गं. मग समद्यांनी काय खायचं?"

धुळाचा भाऊ ज्ञानू गाडी घेऊन आला. त्यानंच सम्मेदला फोन लावला होता. चालू फोन त्यानं बयाबाईच्या कानाला लावला. सम्मेद म्हणाला, "मी निघालोय. खाण सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवलंय. ते येऊन बघेपर्यंत तिथला दगड हलवू द्यायचा नाही. कायदा आहे तसा."

तेवढ्यात जागा साफ करायला पोकलेन सुरू झालं. बयाबाई एकदा गाडीकडे बघायची, एकदा मशीनकडे. धुळा कण्हत म्हणाला, "तू हितंच थांब. ज्ञानू हाय माझ्यासंगं. जागा साफ झाली तर आपलं कोण ऐकणार न्हाई."

गाडी गेली. बयाबाई चालत जाऊन पोकलेनच्या पुढ्यात, रक्त सांडलेल्या दगडांपाशी बसली.

ड्रायव्हर म्हणाला, "वैनी, बाजूला व्हा. मालकांनी सांगितलंय."

"तुला सांगितलंय. मी न्हाई उठायची."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. हळूहळू बाकीच्या बायकाही हातोड्या टाकून तिच्याभोवती येऊन बसल्या. नानासो कडेला येरझाऱ्या घालत राहिले, पण पुढे यायचं धाडस त्यांना झालं नाही. दिवस मावळायच्या आत सम्मेद आला आणि त्यानं जागेभोवती दोरी बांधली.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई आल्या. त्यांनी दगड बघितले, सरळ उभा कापलेला, कधीही ढासळेल असा कडा बघितला. मग माझ्याकडे येऊन हँडलला हात घातला. ते हललं नाही.

"हा शेवटचा कधी वाजला?" त्यांनी विचारलं.

त्यांनी तिथंच आदेश दिला. कड्याला पायऱ्या पाडून तो सुरक्षित होईपर्यंत खाली कुणी काम करायचं नाही, आणि कामाविना बसलेल्यांचा पगार बुडवायचा नाही. धुळाच्या उपचाराचा आणि भरपाईचा भार मालकावर. सुरुंग परवानाधारक माणसानंच उडवायचा, तोही भोंगा वाजल्यावर.

मला खाली उतरवलं गेलं. सम्मेदनं माझे भाग सुटे केले. तेलाचा डबा घेऊन नानासो स्वतः आले, शेजारी बसले आणि गंज घासू लागले.

खाण पुन्हा सुरू झाली त्या दिवशी बयाबाई म्हणाली, "भोंगा मी वाजवणार." तिनं दोन्ही हातांनी हँडल फिरवलं. कित्येक वर्षांनी मी पोटभर ओरडलो. क्रशर थांबला. माणसं आडोशाला गेली. तिनं एकेकाचं नाव घेऊन हाक मारली, प्रत्येकाची ओ घेतली आणि मगच सुरुंग उडवायची खूण म्हणून हात वर केला. सुरुंग उडाला. उशीएवढा एक दगड उडून आला आणि बायका खडी फोडायला बसतात तिथं आदळला. तिथं कुणीही नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या शाळेत आग विझवायचं नळकांडं असेल, धोक्याची घंटा असेल. ती दोन्ही चालतात का, हे मोठ्यांना विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.