एकच शिक्का

मी ताईचा पासपोर्ट, आणि मी चिडलोय, हे आधीच सांगून टाकतो. दहा वर्षं कपाटात चादरींखाली काढली की कुणीही चिडेल.

ताई नर्स आहे. परदेशात जाऊन भाजलेल्या मुलांवरचे उपचार शिकायचे, म्हणून तिने मला काढलं. मी हातात आलो त्या दिवशी तिने माझं प्रत्येक पान उलटून पाहिलं, सगळी कोरी होती तरी.

निवडीचं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात वडील घसरून पडले. मी म्हटलं, ठीक आहे, वडीलच ते. दुसरं आलं तेव्हा भावजयीला जुळं झालेलं. बाळांचं तुझ्याइतकं कुणाला जमतं, असं धाकटा भाऊ म्हणाला. अगदी कौतुकाने म्हणाला, म्हणून तर माझा जास्त जळफळाट होतो. तिसरं पत्र तिने कुणाला दाखवलंच नाही. परस्पर नकार कळवला आणि भांडी घासायला घेतली. प्रवासासाठी घेतलेली बॅग भावाने सहलीला नेली आणि चाक मोडून आणली.

माझ्या झेरॉक्स प्रती मात्र, ताई जामीन म्हणून, कुणाकुणाच्या अर्जांना जोडून गावभर हिंडल्या.

गेल्या महिन्यात माझी मुदत संपली. नवा काढायला ताई मला पासपोर्ट कचेरीत घेऊन गेली, तेव्हा खिडकीमागच्या कारकुनाने पानं चाळून विचारलं, "एकदाही गेला नाहीत? कुणी जाऊ दिलं नाही का?"

"तसं नाही हो," ताई म्हणाली. "मी कुणाला विचारलंच नाही."

मग माझ्यावर आयुष्यातला पहिला शिक्का बसला. 'रद्द'.

आता चौथं पत्र आलंय. उत्तर शनिवारपर्यंत द्यायचंय, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. ते तिने घडी करून माझ्याच पानांत खुपसलंय. अगं बाई, तुझा जीव या माणसांत अडकलाय, कबूल. पण तीही वाईट नाहीत. त्यांना एकदा 'जा' म्हणायची संधी तरी दे.

आत्ताच भावजयीने कपाट उघडलंय. तिला धुतलेली चादर हवी आहे. पत्राचं टोक बाहेर आलंय, वरची एक चादर उचलली की दिसेल. तिचा हात पुढे येतोय.

"थांब गं," स्वयंपाकघरातून ताई हात पुसत येते. "तू कशाला त्रास घेतेस? मी देते काढून."