उघाडीचं कुलूप

आमच्या उघाडीला कंपनीने मोटरचा दरवाजा बसवला तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या मी वाजवल्या, म्हणून आज सगळ्यात जास्त चीडही मलाच आहे. कासूच्या अलीकडे खाडीकाठी आमची भातशेती. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जावं, एवढ्यासाठी बांधात ही उघाडी. तिला पूर्वी लाकडी झडप होती. ओहोटीला आपसूक उघडायची, भरतीला मिटायची. मोटर आली आणि आम्ही शहाण्यांनी ती झडप वाजतगाजत होळीत टाकली.

जुलैत मोटर जळली. रोह्याच्या मोटर-दुरुस्तीवाल्या धनेशने ती दुरुस्त करून दिली. बसवली, तर दरवाजा चालवणारी कंपनीची पेटी तो उघडेना. फोनवर अक्षरं आली: अनधिकृत दुरुस्ती. तीन दिवस पाऊस कोसळत होता आणि नुकतंच लावलेलं भात पाण्याखाली होतं. आठ जणांनी पहारी लावल्या, पण लोखंडी दरवाजा हलला नाही. कंपनीत फोन केला, तर एका गोड आवाजाच्या बाईने माणूस सोमवारी येईल म्हणून सांगितलं. त्या दिवशी शुक्रवार होता. भात काय सोमवारपर्यंत दम धरणार होतं?

माझी पुतणी निशिगंधा रोह्याच्या कारखान्यात यंत्रं सांभाळते. शिफ्ट संपवून ती थेट बांधावर आली आणि तपासून म्हणाली, "काका, मोटर चांगली हाय. पेटीलाच आपण नको झालोय."

तिने धनेशकडून तळहाताएवढं सर्किट मागवलं. त्यात प्रोग्राम कुणाचा, मी विचारलं. कुठल्या कुठल्या माणसांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवलाय, तिने सांगितलं, कुणीही वाचावा, बदलावा. तिने त्यात फक्त आमच्या खाडीच्या भरती-ओहोटीच्या वेळा घातल्या. पेटीचं सील तोडून ते सर्किट आत जोडलं तेव्हा ओहोटीचे दीड तास उरले होते. दरवाजा उघडला. माझी खालची दोन शेतं सडली ती सडलीच, बाकी गावाचं भात वाचलं.

सोमवारी कंपनीचा माणूस आला, पण दुरुस्तीला नाही. करारावर बोट ठेवून त्याने सील कोणी तोडलं ते विचारलं. एक नाव द्या, केस त्याच्यावरच होईल, असंही समजावलं. निशिगंधा पुढे व्हायला लागली. मी तिचा हात धरला. पोरीची नोकरी गेली असती आणि ज्यांनी आमचं शेत बुडवलं ते मोकळे राहिले असते. माझं डोकं फिरलं.

"साहेब," मी म्हटलं, "बांध फुटला की आमच्यात घरटी एक माणूस माती घेऊन जातो. कुणाची पाटी कुठं पडली ते आम्ही कधी विचारत नाय. तुम्हाला नाव पायजे तर गावाचं लिहा."

त्याने मग प्रोग्राम मागितला. तो उघाडीच्या खोलीत भिंतीवरच होता, कागदावर छापून, प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावा म्हणून. अकरा पानं. त्याने एकेका पानाचा फोटो काढला. मी घाई केली नाही.

तो गाडीत बसायला लागला तेव्हा मी दार धरलं.

"आमचा सगळा नेलात ना वाचायला? आता तुमच्या पेटीतला आणा."